सुंदरीचा सोमवार

‘१० फेब्रुवारी १९८६, सोमवार. मुलुंड. अकराला ट्रक आला, दोनला रिकामा गेला. सुंदरी पेटाऱ्यात शिरली नाही. लवू जेवला नाही, पण तो सोमवारी जेवतच नाही. गॅसचा नंबर लावला.’

कमलबाईंनी रोजनिशी मिटली, पण त्यांना चैन पडेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीखालच्या बागेचे पिंजरे दिसत. माकडांच्या पिंजऱ्यात टायरचा झोका तेवढा लोंबत होता, बिबट्याच्या पिंजऱ्यात सिमेंटची पोती रचली होती. पाहणी करणाऱ्यांनी हे पिंजरे फार लहान, जुन्या पद्धतीचे ठरवले होते आणि एकेक जनावर दुसरीकडे गेलं होतं. सुंदरी नावाची म्हातारी तरसाची मादी मात्र राहिली होती. वासाबद्दल कमलबाईंनीच बागेच्या मंडळाला सुवाच्य अक्षरात तीन पत्रं पाठवली होती. पाहणी त्यानंतर झाली.

लवू मालवणकडचा. गिरणी सुटल्यावर इथे लागला, त्याला अकरा वर्षं झाली. भल्या पहाटे देवनारला जाऊन मांस आणायचं, बादली वाजवायची, खाणं द्यायचं, फरशी घासायची. मांस खाणाऱ्या जनावराला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. लवूने सुंदरीसाठी सोमवार ठरवला, कारण त्याचाही सोमवारच. त्या दिवशी बादली वाजत नसे, आणि दोघंही पाण्यावर असत.

सुंदरीला न्यायला येणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की शनिवारपासून काही द्यायचं नाही. भूक लागली की खाण्यामागे ती आपण होऊन पेटाऱ्यात जाईल. लवूने शनिवार काढला. रविवारी संध्याकाळी त्याला राहवलं नाही, त्याने गुपचूप अर्धा किलो घातलं. सोमवारी सुंदरी जागची हलली नाही. डॉक्टर फार बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी ट्रक शेवटचा येईल, मंगळवारी पिंजरे पाडायला माणसं येतील, या वयात तिला भूल सोसणार नाही, आणि ती तरीही आतच असेल तर इंजेक्शन देऊन संपवावं लागेल, एवढं सांगून गेले.

शुक्रवारी खाणं दिल्यावर लवू कमलबाईंच्या दारात आला. गजांवर बारीक जाळी ठोकलेली असल्यामुळे खाणं मागच्या दारानेच द्यावं लागे. त्या दाराच्या कुलपाची चावी त्याने त्यांच्या हातावर ठेवली.

“बाईनू, मी मागलंय तरी माका देव नकात.”

त्यांनी ती शिलाई मशीनच्या खणात टाकली. शनिवारी त्या दोनदा खण उघडून पाहून आल्या. रविवारी सुंदरी पिंजऱ्यात येरझाऱ्या घालू लागली. नखं फरशीवर वाजत. कमलबाई विणायला बसल्या, टाके सुटले, उसवून पुन्हा घातले. चारला लवू आला. पाणी मागितलं, ते न पिताच हातात धरून बसला. गावच्या आंब्याचा मोहर, पायाची टाच, असं काहीबाही बोलला. मग म्हणाला, चावी हवी, कुलपाला तेल घालायचंय.

“उद्या सकाळी सातला.”

“तेव्हा तुमका वास येय होतो. आता आवाज येणा नाय?”

“येतोय रे. म्हणूनच देत नाही.”

तो उठून गेला. पाण्याचा पेला तसाच होता.

सोमवारी सातला त्यांनी स्वतः जाऊन चावी दिली. अकराला ट्रक आला, पेटारा मागच्या दाराला लावला, आत मांस ठेवलं. सुंदरीने मान वळवून पाहिलं आणि बसून राहिली. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. लवूने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली रिकामी बादली उचलली आणि सोमवार असून वाजवली. सुंदरी उठली. एकदा त्याच्याकडे बघून पेटाऱ्यात शिरली. दार पडलं, आतून हाडं फोडल्याचा आवाज येत राहिला.

ट्रक गेल्यावर लवूने फरशी धुतली, गटाराची मोरीही घासली. उद्या हे सगळं पाडणार आहेत, असं कमलबाई खिडकीतून म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याला जेवायला हाक मारली. सोमवार आहे हे हाक मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

लवू हातपाय धुऊन आला आणि पाटावर बसला.

“तिचो सोमवार मोडलो,” तो म्हणाला. “आता मी कोणासाठी धरू?”

संध्याकाळी कमलबाईंनी लिहिलं: ‘तांदूळ एक वाटी जास्त लावले. उरले नाहीत.’