शिंगाची साल

तातेराव चहाचा पहिला घोट अंगणात सांडायचे. रस्त्यात शेण दिसलं की सायकलवरून उतरायचे. ढेकूळ हातात आलं की फोडून वास घ्यायचे. गांडुळांच्या खड्ड्याजवळ हळू बोलायचे, कारण गांडुळांना आवाज सोसत नाही. बायकोशी, मालनबाईंशी, मोठ्यानं बोलायचे.

आमच्या कुंभार पिंपळगावात गांडूळखत त्यांनी आणलं. शिंगात नत्र असतं हे त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. पोळ्याच्या आधी घरोघर बैलांची शिंगं साळतात, म्हणजे तासून गुळगुळीत करतात. तातेराव पोतं घेऊन दारोदार फिरायचे आणि ती साल गोळा करायचे. सालीवर मागल्या वर्षीचा ऑइलपेंट असायचा, लाल नाहीतर पिवळा. पाच वर्षं ही रंगीत साल खड्ड्यात पडली. गांडुळं मरेनात. उलट वाढली.

ते सांगायचे, "वसंता, गांडूळ खोटं बोलत न्हाई. ते जितं हाय म्हंजी माती बराबर हाय."

मी मराठीचा एम.ए. मला ते पटलं.

त्यांनी एकतीस घरांना घमेलंभर गांडुळं खतासकट दिली. पंचायत समितीनं सव्वीस जानेवारीला सत्कार ठरवला. पदवी 'गांडूळमित्र'. त्यांचं भाषण मी लिहिलं. त्यात गांडुळाला तपस्वी म्हटलं होतं.

तातेरावांची भाची बेबीनंदा परभणीला मातीशास्त्र शिकायची. तिनं दिवाळीत खड्ड्यातली थोडी गांडुळं तपासायला नेली होती. सत्काराच्या दोन दिवस आधी ती आली. पोटातली माती निघून जावी म्हणून गांडुळं उपाशी ठेवली, असं तिनं सांगितलं.

"किती दिवस?" तातेरावांनी विचारलं.

"दोन."

त्यांना वाईट वाटलं. मग तिनं पुढचं सांगितलं. रंगातलं शिसं मातीत उतरलं होतं आणि गांडुळांच्या अंगात साठलं होतं. गांडूळ ते अंगातच बांधून ठेवतं, म्हणून मरत नाही. पण कोंबडी रोज गांडुळं खाते. मग ते तिच्या अंगात साठतं आणि अंड्यात उतरतं.

तातेरावांनी ओसरीकडे पाहिलं. त्यांची तीन वर्षांची नात तिथं उकडलेलं अंडं खात होती. त्यांनी तिच्या हातातलं अंडं काढून घेतलं. ती रडली. खड्डा चार पावलांवर होता. तरी कोणी तिला हळू रड म्हणालं नाही.

सत्कारात त्यांनी माझं भाषण वाचलंच नाही. साल कशी चुकली ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझी गांडुळं मला वापस द्या. तवर अंडी खाऊ नका."

सभापती अण्णासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. इतका विनयशील माणूस आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

गांडुळं परत द्यायला मात्र कोणी तयार होईना. पदवी मिळाली, आता एकट्याला धंदा करायचाय, अशी बोलवा झाली. पुरावा म्हणून लोक जाडजूड गांडुळं दाखवायचे. इतकी तब्येत असताना विष कसलं? युक्तिवाद तातेरावांचाच होता. त्यांनी तो गावाला नीट शिकवला होता.

मग ते रोज एका घरी जाऊ लागले. हात जोडायचे, बोलणी खायची, मग खड्ड्यावर ओलं गोणपाट अंथरून त्याखाली ताजं शेण ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गांडुळं तिथं जमत. ती हातानं वेचून पत्र्याच्या डब्यात भरायची. महिन्यात बावीस घरं झाली.

तेविसावं तुळजाबाईंचं. "दिलेलं वापस मागून राह्यला, लाज न्हाई वाटत?" त्या म्हणाल्या.

"वाटती, काकू. म्हणून तर आलो."

गोणपाट अंथरून ते घरी आले आणि जेवायला बसले. ताटावरून उठलेच नाहीत. डॉक्टरनं हृदय म्हटलं.

शोकसभेत अण्णासाहेब म्हणाले, तातेरावांचं राहिलेलं काम आपण पुरं करू. उरलेल्या गावाला गांडुळं वाटू.

मी शुद्धलेखनात चूक काढतो. तिथं मला एक वाक्य बोलता आलं नाही.

काल तुळजाबाईंकडे गेलो होतो. गोणपाट तसंच होतं, पार वाळलेलं. त्याची एक कड कोंबडीनं उकरून वर केली होती.