मुक्कामाची चौकशी

बाइंडरकाकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या शिवल्या, पण स्वतःच्या जिभेला एक टाका घालता आला नाही, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

काकांच्या आईनं नव्वदीत एकच हट्ट धरला होता. सत्तर वर्षांपूर्वी तिच्यासकट माहेरची माणसं गाव सोडून निघाली तेव्हा तिचा थोरला भाऊ लाकडाची वखार सांभाळायला एकटा मागं राहिला. महिन्याभरात त्याची पत्रं थांबली. तो कधी गेला, कशानं गेला, कुणी कळवलंच नाही. "डोळे मिटायच्या आत एवढं कळू दे रे मला," ती म्हणाली. मृत्यूची नोंद गावच्या नगरपालिकेच्या ऑफिसात असणार, म्हणून काका जायला निघाले.

आता गुपचूप एखादी खोली घ्यावी की नाही? छे! लॉजवाले गावातलेच, त्यांना जुनं काही ठाऊक असेल, म्हणून काकांनी प्रत्येकाला फोनवर आईच्या माहेरचं आडनाव, वखार, मामा, नोंद, सगळं साग्रसंगीत ऐकवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्टेशनजवळचा आधी "या, या" म्हणाला आणि आडनाव ऐकताच त्याच्या सगळ्या खोल्या भरल्या. नदीकाठच्या बाईंनी मधेच फोन ठेवला. तिसरी लॉजवाली मात्र भलतीच गोड बोलली.

"ऑफिसच्या मागेच आहोत आम्ही, काका. पायी जाल. फक्त उद्या नको, गुरुवारी या. आणि नोंद कुठल्या सालची म्हणालात?"

मामाची पत्रं थांबली ते साल काकांनी सांगितलं, वर महिनाही सांगितला. "बघ, अजून चांगली माणसं आहेत जगात," ते बायकोला म्हणाले.

"गुरुवारच का?" तिनं विचारलं. काकांनी तिलाच वेड्यात काढलं.

गुरुवारी सकाळी लॉजवालीनं खोली दाखवली. नाव विचारलं नाही, वहीत सही घेतली नाही. काकांना ते जरा खटकलं, पण ऑफिस उघडायची वेळ झाली होती.

तिथल्या क्लार्कनं मागायच्या आधीच रजिस्टर काढून ठेवलं होतं. काकांनी ते हातात घेतलं आणि सवयीनं आधी शिवण बघितली. कागद जुना, कडा तपकिरी, पण आतला दोरा पांढराशुभ्र. पाठीला बोट लावलं तर चिकटलं. खळ अजून ओली होती. मामाच्या महिन्याचं पान मुळाशी सरळ कापलेलं होतं.

"पान कुठंय?"

"जुन्या वह्यांना वाळवी लागते हो."

"वाळवी ब्लेडनं कापते होय?"

क्लार्क हसला नाही. त्यानं रजिस्टर मिटलं. "लॉज माझ्या मेव्हणीचा आहे. तुमच्या त्या वखारीच्याच जागेवर बांधलाय. तिथं उतरलात ते बरं केलंत, आमचं लक्ष राहतं."

काका बाहेर आले तर फाटकापाशी लॉजवाली उभी होती. काकांची बॅग तिच्या हातात होती. "झालं ना काम? दोनची बस आहे," ती तशीच गोड बोलली.

जे पान सत्तर वर्षं टिकलं, ते त्यांच्या एका फोननं गेलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. बॅग घेऊन ते रस्त्याच्या कडेला गेले आणि आईला फोन लावला. लपवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच.

"आई, पान कापलंय गं. कालच कापलंय. मीच मूर्खासारखा सगळं सांगून बसलो."



"रडू नकोस," आई म्हणाली. "कळलं मला. आपल्या मरणानं मेलेल्या माणसाचं पान कोण कापतं?" मग तिनं घाई केली. "तू निघ. जी पहिली गाडी मिळेल तिनं निघ. एकाला तिथं ठेवून आले मी, दुसऱ्याला नाही ठेवायची."