मागचा आरसा

त्याच्या दुकानाशी आलं की आधी त्याचा आवाज ऐकू यायचा, मग कात्रीचा. म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं आणि त्यालाही ते मान्य होतं. खुर्चीतल्या माणसाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की याच्या तोंडाची टकळी सुरू. पाणीपट्टीपासून गुडघेदुखीपर्यंत कुठलाही विषय चाले. गंमत म्हणजे हे सगळं तो आरशाशी बोलायचा. समोरच्या मोठ्या आरशात खाली गिऱ्हाइकाचा चेहरा, वर स्वतःचा, आणि त्या दोघांशी त्याचं छान जमायचं. तोच माणूस रस्त्यात समोरासमोर भेटला, तर "काय, कसं काय?" याच्यापुढे गाडी सरकत नसे. हातात कात्री नसली की ह्यांची जीभही बोथट होते, असं त्याची बायको म्हणायची.

कामात मात्र तो पक्का होता. केस कापून झाले की मानेवर पावडरीचा ब्रश फिरवायचा, कापड झटकायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला गोल हातआरसा काढून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. "बघा, बरं झालंय ना?" आपल्या डोक्याची मागची बाजू आपल्याला कधी दिसत नाही, ती दाखवल्याशिवाय माणसाला खुर्चीतून उठवायचं नाही, हा त्याच्या वडिलांचा दंडक. दुकान, खुर्ची आणि ही सवय, तिन्ही त्याला एकदमच मिळाली होती. गिऱ्हाईक अर्थातच नीट बघत नसे. "बरं झालंय, बरं झालंय," म्हणत खिशात हात घालत उठे.

तर हा आरसा बरेच महिने खिळ्यावर नव्हता. लोक विचारायचे, "मागचा आरसा कुठे गेला रे?" तो म्हणायचा, "काच तडकली. नवीन आणायचाय." काच बिच काही तडकली नव्हती. आरसा खालच्या खणात, जुन्या टॉवेलांच्या तळाशी पालथा पडून होता.

त्याचं असं झालं होतं. बायकोच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकावी लागली. मग औषधाच्या बाटल्या चढायला लागल्या आणि तिचे केस उशीवर पुंजक्यांनी दिसू लागले. ती एकदा सकाळी उठली, उशी झटकली आणि म्हणाली, "सगळेच काढून टाका. परक्याच्या हातून नको, तुम्हीच काढा."

दुकान बंद असण्याचा दिवस होता. अर्धं शटर ओढून त्याने तिला खुर्चीत बसवलं, तिच्या गळ्याभोवती धुतलेलं कापड बांधलं. उभ्या जन्मात त्याने कुणाच्या डोक्याला इतका हळुवार हात लावला नसेल. मशीन अगदी हलकं धरलं होतं. रेडिओ बंद होता. ती समोरच्या आरशात न बघता डोळे मिटून बसली होती आणि तो मनात एकच घोकत होता, हात थरथरता कामा नये. हात थरथरला नाही. काम नेहमीसारखं चोख झालं, तिथेच घात झाला. मानेवर ब्रश फिरला, कापड झटकलं गेलं, हात आपोआप खिळ्याकडे गेला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. "बघ, बरं झालंय ना?"

शब्द तोंडातून गेल्यावर ते त्याला ऐकू आले.

तिने डोळे उघडले. आपलं उघडं, पांढुरकं डोकं मागून कसं दिसतं ते तिने बघितलं. मग ती अगदी कुठल्याही गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "बरं झालंय." स्कार्फ बांधला आणि दुकानामागच्या घरात निघून गेली. बाथरूममधला नळ बराच वेळ वाहत होता. तो दाराबाहेर नुसता उभा राहिला. त्या दिवशी आरसा खणात गेला. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. दुकानात रेडिओ चालू राहिला, कारण दुकान चालवायचं होतं. घरात मात्र तो बंद पडला.

त्यांना एक मुलगी होती, दुसरीतली. घरात तिला छकुली म्हणत. आधी ती आईच्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नसे. आईचं ऑपरेशन झालं तशी ती पलीकडच्या भिंतीशी चटई टाकून झोपू लागली. आईने हाक मारली तर दारातूनच "काय?" म्हणायची. लहान आहे, घाबरली असेल, असं म्हणून दोघांनी वेळ मारून नेली, पण आईच्या काळजाला घरं पडत होती.

दवाखान्यातून कुणीतरी त्यांचं नाव एका संस्थेला कळवलं आणि दर गुरुवारी एक ताई घरी येऊ लागल्या. चष्मा कायम डोक्यावर आणि तो कायम शोधत असलेल्या. त्यांचं काम काय, हे रेडिओला आधी कळेचना. औषध देत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत, नुसत्या चटईवर बसून पोरीशी बाहुल्या खेळतात. त्याने विचारलंच. ताई म्हणाल्या, "तुमच्या बायकोकडे डॉक्टर बघतात. मी बाकीच्या घराकडे बघते." बायकोचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तर तिला व्यायाम शिकवायच्या. जखमेची पट्टी बघताना तोंड वाकडं कसं करायचं नाही, हेही त्याला त्यांनीच शिकवलं.

आणि खेळता खेळता पोरीच्या पोटातलं बाहेर आलं. आईला गाठ आहे हे कळण्याच्या थोडे दिवस आधी छकुली पलंगावर उड्या मारत होती, तिचा गुडघा आईच्या छातीला लागला होता आणि आई "आई गं" म्हणून कळवळली होती. म्हणजे गाठ आपल्यामुळेच झाली. आता पुन्हा जवळ गेलो तर आणखी काही होईल. एवढंसं पोर हे ओझं एकटं वाहत होतं आणि आईबापांना त्याचा पत्ता नव्हता. ताईंनी ते एका दिवसात काढलं नाही. गुरुवारमागून गुरुवार गेले. औषधं संपून आईचे केस पुन्हा उगवायला लागले, तेव्हा कुठे छकुली पलंगाच्या कडेवर येऊन बसायला लागली. अजून कडेवरच.

अशात एका गुरुवारी ताई बाहुल्या न काढताच बसल्या. संस्थेला पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. दुसरी सोय झाली नाही तर पुढच्या महिन्यापासून घरी येणं बंद. बाजारातल्या व्यापारी मंडळाने सभेत बोलायला बोलावलंय, एवढी एकच आशा होती.

"तिथे तुम्ही बोला," ताई रेडिओला म्हणाल्या.

"मी?" तो म्हणाला. "अहो ताई, मला नाही जमायचं."

"तुम्हाला? दुकानात तर तुमच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही म्हणे."

"ते वेगळं. तिथे आरसा असतो."

ताईंना काही उलगडा झाला नाही. आतून बायकोचा आवाज आला, "जा की हो. पोर आत्ता कुठे जवळ यायला लागलीय."

तो गेला.

मंडळाचा हॉल दुकानांच्या वरच्या मजल्यावर होता. घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारा माइक, टेबलावर पांढरं कापड. अध्यक्ष नळवाले. पाइप आणि नळांचं मोठं दुकान, डोक्यावर चकचकीत टक्कल आणि कानांच्या वर केसांची झालर. त्या झालरीसाठी ते न चुकता रेडिओकडे यायचे. "तुमचे केस कापायला वेळ लागत नाही साहेब, शोधायला लागतो," असं रेडिओ त्यांना दर खेपेला म्हणायचा आणि ते दर खेपेला नव्याने हसायचे. मागच्या रांगेत दाराजवळ बायको आणि छकुली बसल्या होत्या.

तो माइकपुढे उभा राहिला आणि त्याची दातखीळ बसली. समोर सगळे ओळखीचे चेहरे होते. यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावरचा भोवरा त्याला ठाऊक होता. पण असे समोरून, सगळे एकदम, त्याच्याकडेच बघत बसलेले त्याने कधी पाहिले नव्हते. कुणीतरी खोकलं. ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आता काही खरं नाही, असं त्याला वाटलं आणि त्याचा हात सवयीने खिशात गेला. खिशात कात्री होती, कंगवा होता.

"नळवालेसाहेब," तो म्हणाला, "जरा इकडे खुर्चीत येता का?"

नळवाले गोंधळले, पण आले. बाहेर अंधारून आलं होतं आणि खिडकीच्या मोठ्या काचेत सगळा हॉल दिसत होता. रेडिओने खुर्ची त्या काचेकडे वळवली, सभेकडे पाठ केली, टेबलावरचं पांढरं कापड ओढून अध्यक्षांच्या गळ्याभोवती बांधलं. हॉलमध्ये हशा पिकला. कात्री दोनदा नुसती हवेत चालली. मग रेडिओ लागला.

"साहेब, आमच्या छकुलीचं तुम्हाला सांगितलं का मी?"

आणि तो बोलत गेला. गुडघ्याचं सांगितलं, चटईचं सांगितलं, बाहुल्यांचं सांगितलं. माइक लांब राहिला होता, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या रांगेलाही ऐकू जात होतं. नळवाल्यांची झालर ती किती असणार, दोन मिनिटांचं काम, पण तो तेच तेच केस पुन्हा नीट करत राहिला. बोलायला लागलं की याला थांबता येत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या भरात ठरवलं नव्हतं तेही तोंडून गेलं. त्या दिवसाचं. खिळ्यावरच्या आरशाचं.

"बायकोचं डोकं बोडकं केलं मी आणि वर तिला मागून दाखवलं. बरं झालंय ना, म्हणून विचारलं. साहेब, दुसऱ्या कुणाच्या हातून अशी चूक झाली नसती. मलाच ती करता आली. नंतर तिच्याशी काय बोलायचं, कुणाला विचारायचं, काही कळेना. आम्ही तिघं एका घरात होतो आणि तिघं आपापलं दाबून बसलो होतो. या ताई आल्या तेव्हा निदान पोरीचं तरी कळलं. दर घराला अशी एक बाई पाहिजे. तिचं येणं थांबवू नका."

बोलता बोलता त्याने काचेत मागची रांग बघितली. दाराजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

चार भिंतींतलं दुखणं आपण चारचौघांत उघडं केलं, आणि ती ऐकता ऐकता उठून गेली. साहेबांच्या गळ्यातलं कापड कसं सोडलं, कात्री कशी खिशात टाकली ते त्याला कळलं नाही. मागे नळवाले खांद्यावरच्या केसांसकट उठून माइकपाशी गेले होते आणि म्हणत होते, वर्षभराचा खर्च मंडळाने उचलायचा, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला, आणि पहिली पावती माझ्या नावाने फाडा. एकामागून एक हात वर होत होते, ताईंचा चष्मा डोक्यावरून नाकावर आला होता. रेडिओने यातलं काही पाहिलं नाही. तो जिना उतरत होता आणि मंडळाचं पांढरं कापड त्याच्या खांद्यावरच राहिलं होतं.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आत दिवा होता. तो वाकून आत शिरला.

बायको खुर्चीत बसली होती. स्कार्फ मांडीवर होता. बोटाच्या पेराएवढे नवे केस कुठे उभे, कुठे आडवे, मानेवर वेडेवाकडे उतरलेले. खालचा खण उघडा होता, टॉवेल जमिनीवर पडले होते आणि बाकावर छकुली आरसा पोटाशी धरून बसली होती.

"काच तडकलीय म्हणून सांगत होतात ना लोकांना?" बायको म्हणाली.

"अगं, ते मी तिथे बोलायला नको होतं."

"मला वाटलं होतं, तुमच्या लक्षातही नसेल," ती म्हणाली. ती आरशातून थेट त्याच्याकडे बघत होती. "वाटलं, सवयीने बोलले आणि विसरून गेले. एवढे दिवस मी एकटीच ते धरून बसले होते. तुम्हीही बसला होतात, ते आज कळलं."

तो म्हणाला, "मग उठून का आलीस?"

"तिथे सगळ्यांपुढे रडू? आणि केस किती वेडेवाकडे वाढलेत बघा. तुम्हाला दिसत नाहीत का?"

त्याने खांद्यावरचं कापड झटकलं आणि तिच्या गळ्याभोवती बांधलं. कात्री चालू झाली. मग तो हळूहळू बोलायला लागला, नळवाले कापड बांधून घेताना कसे अवघडले होते ते. ती हसली. छकुली बाकावरून उतरून खुर्चीला टेकून उभी राहिली आणि तिने आईच्या डोक्यावर तळवा ठेवला. "मऊ आहेत," ती म्हणाली. आई हललीसुद्धा नाही, पोरीचा हात उचलला जाईल म्हणून.

काम झालं. मानेवर ब्रश फिरला, कापड सुटलं. आणि तो तसाच हात लोंबते सोडून उभा राहिला.

"आरसा?" बायको म्हणाली.

छकुलीने तो त्याच्या हातात दिला. त्याने धरला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. विचारायचं ते त्याला विचारता आलं नाही. तिने मान वळवली, तिरकी केली, पुन्हा वळवली. इतका वेळ लावून त्या आरशात आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"डाव्या कानामागे थोडे राहिलेत," ती म्हणाली.

"बघतो," असं म्हणून त्याने आरसा खिळ्याला टांगला आणि पुन्हा कात्री उचलली.