नवापूरचं पाणी

लग्न होऊन मी वर्ध्याहून बोईसरला आले, तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि भिंतीला लागून एक भलीमोठी काचेची टाकी. टाकीत समुद्राचं पाणी. मी तोवर समुद्रच पाहिला नव्हता, तो आधी घरात भेटला.

ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. आमचे हे रंगांच्या कारखान्यात फोरमन होते. सुट्टीच्या दिवशी ओहोटीला जवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर खडकांत हिंडायचे आणि डबक्यांत अडकलेले बोटाएवढे पट्ट्यांचे मासे, शंखात राहणारा खेकडा, असं काहीबाही घेऊन यायचे. एकदा दगडासकट समुद्रफूल आणलं, फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा प्राणी. मिटलं की जांभळाएवढं, उमललं की वाटीएवढं.

माझा राग माशांवर नव्हता, पाण्यावर होता. दर दुसऱ्या रविवारी टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून नवं घालायचं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात; ओढायचं आणि पाणी ओठाशी यायच्या आत नळी खालच्या बादलीत सोडायची. आपल्याकडचा समुद्र गढूळ, म्हणून नवापूरहून आणलेलं पाणी पिंपात निवळत ठेवायचं, मग फडक्यातून गाळून बारीक धारेनं ओतायचं. एकदम ओतलं तर मासे भेदरतात. फरशी चिकट, भिंतीला मिठाचे पोपडे.

"अहो, इथे माणसांना नळाला पाणी नाही, आणि तुम्ही माशांना न्हाऊ घालता!" मी म्हणायचे. हे हसायचे.

मग कारखान्यात शिडीवरून पडून यांच्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणलं ते कमरेपर्यंत प्लास्टर घालून. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. सुरुवातीला लोक भेटायला येत, मग तेही थांबले. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला वाढलं तर चार घास खायचे आणि ताट सरकवायचे. टाकी हिरवट होत चालली होती. एक मासा मेला तो मीच काढला.

"टाकी रिकामी कर," एक दिवस हे म्हणाले.

"आणि मासे?"

"फेकून दे."

टाकी रिकामी करायची नाही, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला घरी बसवलं, प्लॅस्टिकचे दोन कॅन घेतले आणि रिक्षानं नवापूर गाठलं.

पाण्यात शिरले खरी, पण कॅन बुडेचना. लाट आली की तो उलटा माझ्याच अंगावर यायचा. लुगडं निम्मं भिजलं. वाळूत बोंबील वाळत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय गो बाय, समुद्र घरी नेते काय?"

मला रडूच आलं. तिनं कॅन हातातून घेतला, आडवा दाबला, भरला. वाळूत बसून मी तिला सगळं सांगितलं. कुणाला सांगितलंच नव्हतं तोवर. ती म्हणाली, "बाजाराला येते तवा बगून जाईन तुज्या नवऱ्याला."

आणि खरंच आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली आणि यांच्याकडे न जाता थेट टाकीपुढे फतकल मारून बसली.

"ही मासळी खायाची नाय?"

"नाही हो मावशी."

"मग कशाला?"

ती काचेला नाक लावून बघू लागली. मग तिचा आवाज बदलला. "जल्म गेला मासळीत. पन असा बाजूनं पोवताना मासा मी कदी पायला नाय. आमाला वरून पाठ दिसते, नाय तं पाटीतला मेलेला. बग, कसा तोंड हालवतो!"

खाट करकरली. यांनी मान वळवली होती. "मावशी, त्या फुलाला एक कोलंबी देऊन बघा," ते म्हणाले.

तिनं पाटीतली बारीकशी कोलंबी सोलून पाण्यात सोडली. फुलानं ती धरली आणि हळूहळू सगळं अंग मिटून घेतलं. "आई गो!" म्हणून ती लहान मुलीसारखी ओरडली, आणि हे मोठ्यानं हसले.

पुढच्या रविवारी यांनी खाट टाकीजवळ ओढायला लावली. नळी लांब केली. ओढायचं काम त्यांचं, ओतायचं माझं. पहिल्याच खेपेला घोटभर पाणी त्यांच्या घशात गेलं. खोकता खोकता म्हणाले, "अगं, बघत काय बसलीस, धार बारीक कर!" कित्येक दिवसांनी मला कुणी दटावलं होतं. बरं वाटलं.

हे उठले, काठीनं चालू लागले, कामावर रुजू झाले. पाय किंचित आखूड राहिला तो राहिलाच. मावशी मासळीबरोबर पाण्याचा कॅन आणायची, चहा घ्यायची, टाकीपुढे बसायची. अशी बरीच वर्षं गेली.

मग एकदा ती रिकामा कॅन घेऊन आली. "आमच्याकडचं पानी आता नको. रंग येतो त्याला. वास पन येतो."

हे नुकतेच पाळीवरून आले होते. रंगाचे डाग पडलेले कारखान्याचे कपडे अजून अंगावर होते. त्यांनी कुठला रंग, कुठून येतो, काहीच विचारलं नाही.

त्या रविवारी आम्ही तिघं मासे बादलीत घालून दक्षिणेला, लांबच्या एका खडकाळ किनाऱ्यावर गेलो. हे ढोपरभर पाण्यात उभे राहून बादलीत ओंजळीओंजळीनं समुद्र घालत होते, मासे सरावेपर्यंत. मग बादली कलती केली. समुद्रफुलाचा दगड दोन खडकांच्या मधे ठेवला.

परतताना यांनी विचारलं, "मावशी, तुमचं काय?"

"आमचं काय! होडी आता लांब नेतात. पोरं उशिरा येतात." एवढंच म्हणाली ती. कुणावर राग नव्हता तिच्या बोलण्यात, आणि तेच आम्हाला जड गेलं.

यांनी त्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत नोकरी केली. आमचं घर त्यावरच चाललं, मुलांची शिक्षणं त्यावरच झाली. मावशी येत राहिली. पाटी उतरवली की पहिल्यांदा यांच्या पायाची चौकशी करायची.