उत्तर गॅलरीतल्या काकांनी कृपया उठावं

बस आगारात कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा जो आवाज होता, त्याच्या मालकाला सगळे भोंगा म्हणत. नाव ठेवणाऱ्याचा हेतू काही फार चांगला नसावा, पण भोंग्याला ते आवडायचं. आवाज होताच तसा. माईक बंद पडला तरी पार टोकाच्या फलाटावरचा ड्रायव्हर हातातला चहा अर्धा टाकून उठायचा. घरी मात्र या आवाजानं पंचाईत करून ठेवली होती. हा बायकोच्या कानाशी जाऊन हळूच म्हणायचा, की आज भाजीत मीठ जरा जास्त झालंय, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात तिला गाठून विचारायची, काल भाजी फार खारट झाली होती का हो?

शहर मोठं असलं तरी त्यात फुटबॉलचा व्यावसायिक संघ एकच होता. वर्षानुवर्षं तो नेमानं हरत आला होता आणि म्हणूनच लोकांचा जीव की प्राण होता. त्यात एके वर्षी दुसरा संघ निघाला. कुणा सिमेंटवाल्या शेठला हौस आली, त्यानं खेळाडू जमवले, लिंबू रंगाचे शर्ट शिवून घेतले आणि त्याच स्टेडियममध्ये एकाआड एक रविवारी खेळायचं ठरवलं. मग काय, न्हाव्याच्या खुर्चीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत एकच विषय: या शहराला दोन संघ झेपतील का?

भोंग्याच्या बायकोच्या थोरल्या भावाचं याबाबत पक्कं मत होतं. दादांचं खिळे-कुलपांचं दुकान होतं आणि दुकानात देवासारखा जुन्या संघाचा फोटो. गिऱ्हाईक बिजागरी मागायला आलं तरी आधी त्याला संघाचा इतिहास ऐकावा लागे. दादा सांगत, "एका शहराला एकच संघ झेपतो. आमच्या बहिणीच्या घराला एकच भोंगा झेपतो ना, तसं."

नव्या संघाची व्यवस्थापिका एकदा गाडी नादुरुस्त झाली म्हणून आगारात आली. ती ज्या बसची वाट पाहत होती, तीच रद्द झाली. भोंग्यानं ती बातमी अशा काही मायेनं सांगितली, की रांगेतले लोक चिडायचे सोडून एकमेकांना धीर देऊ लागले. बाई सरळ त्याच्या काचेच्या खोलीत शिरली.

"इतकी वाईट बातमी इतक्या गोडीनं सांगणारा माणूस आम्हाला हवाय," ती म्हणाली. "पुढचं वर्षभर आमच्याकडे तेच काम आहे."

भोंगा हरखून गेला. दादांना हे कसं सांगायचं याची तो जुळवाजुळव करू लागला, पण सांगायची वेळच आली नाही. त्यानं बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं आणि दादा पलीकडच्या गल्लीत राहत होते. त्यांनी आठवडाभर फोन उचलला नाही.

पहिल्या सामन्याला स्टेडियममध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त होती. भोंगा खेळाडूंची नावं घेई आणि प्रत्येक नाव समोरच्या रिकाम्या गॅलरीवर आपटून परत येई. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे, नव्या संघात एकाच नावाचे दोन-दोन खेळाडू आहेत. पुढच्या सामन्यालाही तेच. व्यवस्थापिका मध्यंतरात खाली येऊन रिकाम्या खुर्च्यांकडे असं पाही, जणू लग्नाच्या हॉलमध्ये फक्त घरचीच माणसं आली आहेत.

तिसऱ्या सामन्यात एक चमत्कार झाला. लिंबू संघानं गोल केला. भोंग्यानं छाती भरून घोषणा केली, पण टाळीचा आवाज नाही. ज्याच्या पायानं गोल झाला तो पोरगा हात वर करून बावचळल्यासारखा उभा. भोंग्याला त्याची इतकी कीव आली, की त्यानं चिडून गॅलरीवर नजर फिरवली. उत्तरेच्या बाजूला एक जाड गृहस्थ तोंडावर टोपी ठेवून गाढ झोपले होते.

माईक चालूच होता. भोंगा आगारातल्याच सुरात म्हणाला, "उत्तर गॅलरीत झोपलेल्या काकांनी कृपया उठावं. आपला गोल झालेला आहे."

काका धडपडून उठले आणि कुठली बस लागली म्हणून पिशवी शोधू लागले. जे काही थोडे लोक होते ते हसून हसून लोळले, पंचांनासुद्धा शिट्टी तोंडातून काढावी लागली. काकांनी शेवटी परिस्थिती ओळखली, उभं राहून चारी बाजूंना हात जोडले आणि उशिरानं टाळ्या वाजवल्या.

भोंग्याला वाटलं, आपली नोकरी गेली. पण पुढच्या रविवारी काका बायकोला, व्याह्यांना आणि शेजाऱ्यांना घेऊन हजर. त्यांना आपली झोपायची जागा दाखवायची होती. भोंग्यानं सगळ्यांचं रीतसर स्वागत केलं. मग त्याला चेवच चढला. खेळ रटाळ झाला की तो गॅलरीकडे वळे. हिरव्या छत्रीवाल्या आजींनी छत्री किंचित डावीकडे घ्यावी, मागच्या साहेबांना फक्त आकाश दिसत आहे. जिन्याजवळ बसलेल्या नवीन जोडप्यानं आपलं भांडण मध्यंतरापर्यंत पुढे ढकलावं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

हा हा म्हणता गर्दी वाढू लागली. आपलं नाव निघावं म्हणून माणसं भडक टोप्या घालून येऊ लागली. एक शिक्षक तर मुद्दाम झोपेचं सोंग घेऊन पडायचे. भोंगा त्यांना उठवायचा नाही, कारण खरी झोप त्याला चांगली ओळखू येत होती. फुटबॉल महासंघाचं समज देणारं पत्र आलं, की निवेदकानं केवळ सामन्याविषयी बोलावं. व्यवस्थापिकेनं ते वाचलं, घडी घातली आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

अशाच एका रविवारी वरच्या रांगेत भोंग्याला मफलर गुंडाळलेला, काळा चष्मा लावलेला एक माणूस दिसला. ऊन तर मी म्हणत होतं. त्या माणसानं घाम पुसायला टोपी काढली आणि ते तुकतुकीत टक्कल भोंग्यानं लांबूनच ओळखलं. शहाणा माणूस गप्प बसला असता. पण भोंग्याच्या जिभेला सवय लागली होती.

"आणि आज आपल्यात आले आहेत," तो म्हणाला, "जुन्या संघाचे कट्टर भक्त, माझे मेहुणे. दादा, मफलर काढा, चक्कर येईल."

संध्याकाळपर्यंत ही बातमी दादांच्या दुकानात पोचली. जुन्या संघाची मंडळी येऊन खोचकपणे विचारू लागली, की लिंबू रंगाचं कुलूप मिळेल का? दादा तणतणत बहिणीकडे आले. आपण केवळ स्टेडियम किती रिकामं आहे ते पाहायला गेलो होतो, असं त्यांनी तिला सांगितलं. मग किती होतं, असं तिनं विचारलं. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि कण्हणाऱ्या माणसाला नेमका प्रश्न विचारायची तिला सवय होती.

दादा म्हणाले, "बसायला जागा मिळाली नाही म्हणून तर वर चढलो."

एवढं बोलून त्यांचं त्यांनाच कसंनुसं झालं. भोंग्यानं आतल्या खोलीतून माफी मागितली, ती सगळ्या इमारतीनं ऐकली. दादांनी चहा घेतला, याचा अर्थ प्रकरण मिटलं असा घरात लावला गेला.

हंगामाच्या शेवटी दोन्ही संघांची गाठ पडली. स्टेडियम फुटायचं बाकी राहिलं. अर्धं शहर एका बाजूला, राहिलेलं दुसऱ्या बाजूला. भोंगा माईकसमोर बसला आणि ओळखीची माणसं शोधू लागला. छत्रीवाल्या आजी कुठे आहेत, काका झोपलेत की जागे, काहीच कळेना. डोकीच डोकी. त्यानं नावं घेतली, गोल सांगितले. ते सगळे जुन्या संघाचे झाले. कित्येक वर्षांनी दणदणीत जिंकल्यामुळे जुन्या संघाचे पाठीराखेही गोंधळून गेले, कसं वागायचं ते त्यांना आठवेना.

व्यवस्थापिका खुशीत होती. शहराला दोन संघ झेपतात, हे सिद्ध झालं असं ती सगळ्यांना सांगत सुटली. भोंगा मात्र खट्टू होऊन जिना उतरला. खाली आजी छत्री टेकून उभ्या होत्या.

"आज माझी आठवण नाही काढलीस," त्या म्हणाल्या.

"दिसलाच नाहीत हो आजी."

"म्हणूनच म्हणते. फुटबॉल मला टीव्हीवर दिसतो. टीव्हीला मी दिसत नाही."

पुढच्या वर्षी शेठची हौस निम्मी झाली. मोठं स्टेडियम परवडेना म्हणून लिंबू संघ एका कॉलेजच्या छोट्या मैदानावर गेला. शहराला दुसरा संघ झेपला नाही, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. कॉलेजच्या मैदानावर एकच गॅलरी होती, लाकडी बाकांची, आणि ती दर रविवारी गच्च भरू लागली. दादा एक रविवार इकडे नि एक तिकडे जातात. विचारलं तर म्हणतात, तुलना करायला जातो.

आता बाकांवरचे लोक एकमेकांना नावानिशी ओळखतात. कुणी आलं नाही, तर भोंग्याच्या आधी तेच चौकशी करतात. मध्यंतरी जाड काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा अर्धी गॅलरी हॉस्पिटलात भेटायला गेली. ड्यूटीवर भोंग्याची बायको होती. भेटायची वेळ संपलीय, असं तिनं दारातूनच खणखणीत आवाजात सांगितलं. सगळे एकदम शिस्तीत वळले. तेव्हा कुठे लोकांना कळलं, की त्या घरात आवाज एकट्याचाच मोठा नाही.