नकाशावरची खोटी फुली

माझा मामा मासेमार, पण अर्धं आयुष्य त्याने तंद्रीतच काढलं. जेवताना घास हातात राहायचा आणि नजर खिडकीबाहेर जायची. समुद्रात त्याची एक जागा होती, आजोबांनी जाताना कानात सांगितलेली. जाळं टाकलं की मासळीच मासळी. अशी जागा कुणाला सांगायची नसते. कुणी विचारलंच, तर बिनधास्त थाप मारायची.

मी भरसमुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत नकाशे काढते. मासेमारीच्या जागा सोडून चक्क्या बसवायच्या, म्हणून आम्ही मासेमारांना बोलावलं. जाळं टाकता तिथे फुली मारा, म्हटलं. मामाने पेन्सिल घेतली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने भलतीकडेच फुली मारली. वर मला डोळा मारला. मी आपली समजले, लाडाने मारला.

महिन्याभराने कच्चा नकाशा सभागृहाच्या भिंतीवर लागला. निळ्या कागदावर चक्क्यांचे साठ ठिपके. मामा त्यासमोर कितीतरी वेळ उभा राहिला, झोपेतून अर्धवट उठल्यासारखा.

"पोरी, यातले थोडे हलव ना."

"कुठले?"

त्याने मागे वळून पाहिलं, आणि मला तो डोळा मारणं आत्ता कळलं.

"मामा, आज नकाशा पक्का होतोय. खरी जागा दाखवल्याशिवाय मला काही करता येणार नाही."

मागच्या खुर्च्यांवर सगळे मासेमार कान टवकारून बसलेले. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. शेवटी त्याने पेन्सिल मागितली आणि सगळ्यांदेखत, अगदी हळू, फुली मारली. संध्याकाळी मी सात ठिपके उत्तरेला सरकवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मामीला होडीत बसवलं, मलाही. धुक्यात किनारा विरघळून गेला. पाणी इतकं शांत की आपण पुढे जातोय की नाही तेच कळेना. बऱ्याच वेळाने मामाने इंजिन बंद केलं.

"ही."

मामीने चहूकडे पाहिलं. "अहो, इथे तर नुसतं पाणी आहे."

"हो."

"आणि एवढ्यासाठी माझ्याशीसुद्धा खोटं बोललात? इतकी वर्षं?"

तेवढ्यात धुक्यातून एक इंजिन ऐकू आलं. मग दुसरं, मग बरीच.

"आले सगळे," मामा पडलेल्या आवाजात म्हणाला.

मामी सरकून त्याच्या शेजारी बसली. "येऊ देत. पहिली मी आलेय."