चालत्या हृदयातल्या नळ्या

प्लेगच्या पुढल्या वर्षी सुरतेत माझी मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली. तिला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर प्रयोगशाळेतल्या एक बाई रोज डबा खायच्या. खाऊन झालं की रुमालात बोटं खुपसत बसायच्या.

एकदा मी विचारलंच.

"भाऊ, उंदराच्या पिल्लांचं हृदय बघते मी. पेशीवरचा पडदा या रुमालासारखा असा आत शिरतो, त्याच्या नळ्या होतात. ठोक्याचा निरोप त्यातून खोल पोचतो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्या नसतातच."

"तोवर हृदय बंद?"

"नाही. चालता चालताच घडतं."

आम्हा मागावरच्या कामगारांना तुटका धागा जोडायलाही लूम बंद करावा लागतो. मी काचेशी गेलो. मुलीची छाती हलत होती, आणि आत काम चालू होतं.